सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय!

"सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय हो, मी काय करू?" हे वाक्य आलं की आपल्याकडे वाद संपतो. बँकेत संपतो, वीजबिलाच्या खिडकीवर संपतो, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशेबातही संपतो. समोरचा माणूस वहीतून वाचत असता तर आपण म्हटलं असतं, दाखवा बघू, कुणी लिहिलंय? स्क्रीनवरून वाचतोय म्हटल्यावर आपण गप्प. गंमत म्हणजे आपण आयटीवालेसुद्धा गप्प बसतो. ज्यांना शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला काय काय ढकललं जातं ते पक्कं माहीत आहे, ते आपण!

गेले दोन-तीन वीकेंड मी ब्रिटनच्या पोस्ट ऑफिस प्रकरणाचं वाचतोय. निकालपत्रं, चौकशी आयोगापुढच्या साक्षी, असं बरंच काही. या प्रकरणावर २०२४ च्या जानेवारीत तिकडच्या आयटीव्हीवर मालिका आली आणि एकदम गाजावाजा झाला, तेव्हा नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. पण आपल्या क्षेत्रातल्या लोकांनी ते ज्या नजरेनं वाचायला हवं तसं ते फारसं वाचलं गेलेलं नाही असं माझं मत आहे. सगळे म्हणतात पोस्टाने अन्याय केला. केलाच. पण त्या अन्यायाचं हत्यार एक सॉफ्टवेअर होतं आणि ते हत्यार धारदार ठेवण्यात इंजिनियर होते, कायदा होता आणि सपोर्ट डेस्कही होता. मला त्याबद्दल बोलायचंय.

थोडक्यात गोष्ट अशी. तिकडे बरीचशी पोस्ट ऑफिसं म्हणजे गावातल्या दुकानाच्या कोपऱ्यातला एक काउंटर. तो चालवणारा सबपोस्टमास्तर सरकारी नोकर नसतो, कंत्राटावर असतो आणि हिशेबात तूट आली तर ती त्याने खिशातून भरायची असा पोस्टाचा खाक्या. १९९९-२००० मध्ये या सगळ्या काउंटर्सवर 'होरायझन' नावाची प्रणाली बसवली गेली. बनवणारी कंपनी फुजित्सू. आणि मग गावोगावी तुटी यायला लागल्या. कुणाला दोन हजार पौंड, कुणाला वीस, कुणाला सत्तर हजार. पोस्टाकडे स्वतःच तपास करून स्वतःच खटला भरायची सोय होती, म्हणजे फिर्यादीही तेच, तपास अधिकारीही तेच, सरकारी वकिलाच्या जागीही तेच. पोस्टाने आणि इतर यंत्रणांनी मिळून नऊशेहून अधिक माणसांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवून घेतलं. शिवाय खटला न होताच घर गहाण टाकून पैसे भरणारे हजारो. चौकशी आयोगाचा पहिला खंड २०२५ च्या जुलैमध्ये आला, त्यात किमान १३ जणांनी यापायी जीव दिला असावा असं म्हटलंय.

आकडे वाचून आपल्याला काही होत नाही, म्हणून एक-दोन माणसं सांगतो. ब्रिडलिंग्टनचे ली कॅसलटन. तूट यायला लागल्यावर हेल्पलाइनला ९१ वेळा फोन केला. ९१! पोस्टाने त्यांच्यावर सुमारे २५ हजार पौंडांचा दिवाणी दावा लावला, वकील परवडत नाही म्हणून हा माणूस स्वतःच उभा राहिला, २००७ मध्ये हरला आणि समोरच्याचा खर्च म्हणून तीन लाख एकवीस हजार पौंड त्यांच्या अंगावर पडले. दिवाळं निघालं. जो हॅमिल्टन यांनी तूट दिसल्यावर हेल्पलाइन सांगेल तसं केलं, तर तूट डोळ्यांदेखत दुप्पट झाली. आणि सीमा मिस्रा, भारतातून तिकडे गेलेल्या. ११ नोव्हेंबर २०१० ला सुमारे ७४ हजार पौंडांच्या 'चोरी'साठी त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता आणि त्या गरोदर होत्या. दुसरा मुलगा जन्मला तेव्हा आईच्या पायाला इलेक्ट्रॉनिक टॅग होता.

त्या प्रत्येकाला हेल्पलाइनवर सांगितलं गेलं होतं की असा प्रॉब्लेम फक्त तुम्हालाच येतोय.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. लोकांना वाटतं काहीतरी भयंकर गुंतागुंतीचा बग असेल. तसं काही नाही हो. डालमेलिंग्टन नावाचा एक बग २०१५ मध्ये उघड झाला. रोकड एका ठिकाणाहून दुसरीकडे नेली की तिकडे पोचल्याची नोंद करायची. ८ हजार पौंडांची पिशवी आली, बाईंनी एंटर दाबलं, स्क्रीन हलेना. मग पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. सिस्टीमने चार वेळा ८ हजार जमा करून घेतले. प्रत्यक्षात रोकड एकदाच आलेली, म्हणजे २४ हजारांची तूट. आपल्या भाषेत सांगायचं तर एकच विनंती चारदा आली तर ती एकदाच मोजावी, एवढी साधी खबरदारी नाही. पेमेंट करताना 'कृपया बॅक किंवा रिफ्रेश दाबू नका' असं का लिहिलेलं असतं ते आता कळलं ना? दुसरा बग कॅलेंडर स्क्वेअर नावाचा, फॉलकर्कच्या शाखेत सापडला म्हणून ते नाव. काही काउंटर्सची माहिती एकमेकांशी जुळेनाशी व्हायची. हा २००० पासून होता, दुरुस्त झाला २००६ मध्ये. मधली सहा वर्षं लोक कोर्टात उभे राहत होते.

बग असणं हा माझा आक्षेपच नाही. एवढ्या मोठ्या प्रणालीत बग नसतील असं म्हणणाऱ्याने कधी कोड लिहिलेला नाही एवढंच त्यातून सिद्ध होतं. आक्षेप आहे तो पुढच्या दोन गोष्टींना.

पहिली, हे बग नोंदलेले होते. फुजित्सूकडे 'नोन एरर लॉग' होता, तिकिटांची यंत्रणा होती, अगदी आपल्याकडे असते तशी. कोणता बग, कुठल्या शाखेत, तात्पुरता उपाय काय, सगळं लिहिलेलं. पण आरोपीचा वकील मागायला गेला की ते मिळायचं नाही. सीमा मिस्रांच्या वकिलांनी खटल्यात पुन्हा पुन्हा मागणी केली होती. पुढे ५५५ जणांच्या दिवाणी दाव्यातही तो लॉग द्यायला पोस्टाने खळखळ केलीच. २०१० मध्येच फुजित्सू आणि पोस्टाच्या लोकांची एक बैठक झाली होती, एका बगबद्दल. ६० च्या आसपास शाखांना त्याचा फटका बसला होता. बैठकीच्या टिपणात स्पष्ट लिहिलंय की हे बाहेर कळलं तर चालू खटल्यांवर परिणाम होऊ शकतो. आणि सुचवलेल्या उपायांत एक असा की शाखेच्या आकड्यात आपणच आतून बदल करून टाकायचा, मात्र शाखेला न सांगता असं करणं नैतिकदृष्ट्या बरोबर का, हा प्रश्न आहे. म्हणजे प्रश्न पडला होता बरं का! कुणीतरी तो टाईपही केला होता. मग मीटिंग संपली आणि सगळे जेवायला गेले असणार.

दुसरी गोष्ट हीच, आतून बदल करणं. पोस्ट वर्षानुवर्षं सांगत होतं की सबपोस्टमास्तरशिवाय त्याच्या खात्याला कुणीही हात लावू शकत नाही. हे खरं नव्हतं. फुजित्सूच्या ब्रॅकनेलच्या ऑफिसातले तिसऱ्या पातळीचे सपोर्ट इंजिनियर शाखेच्या हिशेबात नोंदी घालू शकत होते आणि घालत होते, समोरच्याला न कळता. रिचर्ड रोल नावाचा तिथला जुना इंजिनियर २०१५ मध्ये बीबीसीच्या पॅनोरमात येऊन हे बोलला. नोकरी सोडून अकरा वर्षं झाली होती त्याला. तो पहिला होता. त्या मजल्यावर तेव्हा काही तो एकटा बसत नसे.

आता यात कायदा कुठे आला? इथे मला खरी मजा (वाईट अर्थाने) वाटली. ब्रिटनमध्ये १९८४ च्या पोलीस आणि पुरावाविषयक कायद्यात कलम ६९ होतं. फौजदारी खटल्यात कॉम्प्युटरचा कागद पुरावा म्हणून द्यायचा तर तो कॉम्प्युटर नीट चालत होता हे देणाऱ्याने दाखवायचं. वकिलांना याचा वैताग होता. दारू पिऊन गाडी चालवणारे लोक श्वासाच्या यंत्राचं घड्याळ चुकीचं होतं असले मुद्दे काढून भांडत, ते प्रकरण पार हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. मग लॉ कमिशनने १९९७ मध्ये शिफारस केली की कलम काढून टाका. १९९९ च्या कायद्याने ते काढलं, २००० पासून ते गेलं. त्यानंतर नियम उरला तो जुना गृहीतकाचा, म्हणजे यंत्र नीट चालत होतं असं धरून चालायचं, तसं नव्हतं म्हणणाऱ्याने काहीतरी दाखवावं. आणि दाखवणार कसं? लॉग समोरच्याकडे! बरोबर त्याच सुमाराला होरायझन देशभर बसत होतं.

ज्या यंत्राबद्दल हा नियम मूळचा होता ते यंत्र म्हणजे घड्याळ, वजनकाटा, फार तर सिग्नल. वजनकाटा बिघडला की सगळ्यांनाच चुकीचं वजन दाखवतो, शेजारचा गिऱ्हाईकही ओरडतो. सॉफ्टवेअर ९९९९ वेळा बरोबर चालतं आणि दहा हजाराव्या वेळी, स्क्रीन अडकलेली असताना कुणी चौथ्यांदा एंटर दाबलं तरच चुकतं. 'बाकी सगळ्यांचं तर नीट चाललंय' हा युक्तिवाद वजनकाट्याला लागू पडतो, आपल्या मालाला नाही. आणि आपण तो माल विकतो कसा ते बघा ना. कुठलंही लायसन्स उघडा, 'जसं आहे तसं', 'त्रुटीविरहित असेल याची हमी नाही' असं ठळक अक्षरात छापलेलं. विकताना हमी नाही, आणि तोच माल साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गेला की एकदम हरिश्चंद्र!

तुम्ही म्हणाल, ते झालं साहेबाच्या देशातलं. आपल्याकडे काय?

आपल्याकडे उलटी गंमत आहे. तिकडे अट काढली जात होती तेव्हाच, ऑक्टोबर २००० मध्ये, आयटी कायद्याबरोबर आपल्या पुरावा कायद्यात कलम ६५ब आलं. ते घेतलं होतं ब्रिटनच्याच १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्यातल्या कलम ५ वरून, जे ब्रिटनने स्वतः १९९५ मध्ये मोडीत काढलं. (साहेबाचा जुना कोट आपण कायम नवा म्हणून घालतो, तसं.) पण या वेळी जुना कोट बरा निघाला. ६५ब म्हणतं, प्रमाणपत्र द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तिथे हेच कलम ६३ झालंय. त्यातही अट आहेच की त्या काळात कॉम्प्युटर नीट चालत होता, किंवा नसेल तर त्या बिघाडाचा या नोंदीवर परिणाम झालेला नाही.

आणि हे प्रमाणपत्र नुसता कागदी घोडा नाही हे ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल तर आपल्या जालन्याचाच. २०१४ ची विधानसभा, अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. वाद असा की उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर घेतले गेले का, आणि पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं व्हिडिओ चित्रीकरण. सरकारी अधिकारी प्रमाणपत्र देईनात. १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की प्रमाणपत्र हवंच, मात्र ज्याने मिळवायचा सगळा प्रयत्न केला आणि ज्याच्या ताब्यात ते आहे तोच देत नाही, त्याला त्याची शिक्षा नको. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. यंत्र ज्याच्या ताब्यात, उत्तर देण्याची जबाबदारी त्याची, हे तत्त्व मिस्राबाईंच्या खटल्यात असतं तर?

मग आपण सुरक्षित का? माझं मत, नाही. कारण हे प्रमाणपत्र प्रत्यक्षात कसं भरलं जातं ते विचारा. छापील मजकूर असतो, खाली सही. सही करणारा 'माझ्या माहितीनुसार आणि समजुतीनुसार' असं लिहितो आणि कायद्याला तेवढं पुरतं. आता ज्याला काहीच माहिती नाही त्याची माहिती नेहमीच स्वच्छ असते! शाखा व्यवस्थापकाने कधी एरर लॉग पाहिलेला नसतो. नव्या अधिनियमात प्रमाणपत्राचे दोन भाग केलेत, एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहायची सोय केली आहे. एसएचए-२५६ वगैरे नावं थेट कायद्याच्या परिशिष्टात बघून मला आधी आनंदच झाला. पण हॅश सांगतो काय? की ही फाइल घेतल्यापासून बदललेली नाही. बस्स. चारदा मोजलेल्या ८ हजारांचाही हॅश अगदी बरोबर येतो. फाइल बदललेली नसणं आणि फाइल खरी असणं यातला फरक आपण ज्युनियरला पहिल्या महिन्यात शिकवतो, आणि कोर्टात मात्र ६४ अक्षरांची ती माळ बघून सगळे भारावून जातील याची मला खरी भीती आहे.

माझा एक वकील मित्र यावर चिडतो. म्हणतो, "तुझ्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक बँक स्टेटमेंटला तुमचे बग विचारत बसलो तर चेक बाउन्सची केस नातवाच्या काळात लागेल." मुद्दा चुकीचा नाही. लॉ कमिशनचाही तोच होता. प्रत्येक कागदाला प्रश्न विचारा असं मी म्हणतच नाहीये. पण जिथे त्या आकड्याशिवाय दुसरा पुरावाच नाही, पैसे गेले कुठे हे कुणी दाखवलेलं नाही, आणि समोरचा माणूस पहिल्या दिवसापासून 'आकडाच चुकलाय' म्हणतोय, तिथे तरी त्या काळातली माहीत असलेल्या त्रुटींची यादी आणि ॲडमिन अधिकार वापरून कुणी कधी डेटाला हात लावला त्याची यादी प्रमाणपत्राबरोबर जोडायला काय हरकत आहे? दोन्ही याद्या असतात. नसतील तर तेच खूप काही सांगून जातं. रस्त्यावरच्या वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याला २०२१ पासूनच्या नियमांनुसार मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण लागतं. दोन हजारांच्या चलानासाठी एवढं करतो, तर तुरुंगात घालण्यासाठी थोडं जास्त करू. (ईव्हीएमचा विषय मी मुद्दाम काढत नाहीये. एका शनिवारात एकच भांडण.)

आणि आता आपल्या घरातलं. मी चार वर्षं सपोर्टच्या प्रोजेक्टवर काढली आहेत, त्यामुळे हेल्पलाइनवरच्या त्या माणसाचा मला राग कमी आणि ओळख जास्त वाटली. तिकीट येतं, घड्याळ चालू होतं, एसएलए तुटला तर कंपनीला दंड. आपल्या मशीनवर बग दिसत नाही. मग ड्रॉपडाउनमध्ये 'यूजर एरर' नावाचा एक सोयीचा पर्याय असतो. तो निवडला की घड्याळ थांबतं, डॅशबोर्ड हिरवा होतो, क्लायंट खूश, अप्रेझल बरं. खोटं कुणीच बोललेलं नसतं. पण पाच वर्षांनी कुणी आकडेवारी काढली तर दिसेल की ९८ टक्के वेळा चूक वापरणाऱ्याचीच होती, आणि ती आकडेवारी घेऊन कुणी कोर्टात उभा राहिला तर? त्या ड्रॉपडाउनमध्ये 'कारण सापडलं नाही' असा पर्याय का नसतो? कारण मॅनेजरला तो रंगवायला रंग नाही.

पोस्टाच्या खटल्यांत फुजित्सूचा एक ज्येष्ठ इंजिनियर तज्ज्ञ म्हणून साक्ष द्यायचा. २०१३ मध्ये पोस्टाच्याच बाजूच्या एका वकिलाने लेखी कळवलं की याने माहीत असलेले बग कोर्टाला सांगितलेले नाहीत, याला पुन्हा साक्षीला आणू नका. त्या इंजिनियरचं काय व्हायचं ते तिकडचं कोर्ट आणि पोलीस ठरवतील. मला प्रश्न पडतो तो वेगळा. तज्ज्ञ साक्षीदाराचं कर्तव्य कोर्टाशी असतं, पगार देणाऱ्याशी नसतं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? चार वर्षांच्या इंजिनियरिंगमध्ये मला मिक्सर जर्नल (गाठोडंभर) लिहायला लावलं, प्रोफेशनल एथिक्सचा पेपर दोन रात्रींत गाईड वाचून निघाला, आणि हे एका वाक्यात कुणी सांगितलं नाही. सिव्हिलवाल्याच्या पुलाखाली माणसं येतात हे त्याला पहिल्या वर्षापासून दिसतं. आपल्या पुलाखाली कोण आलं ते आपल्याला कळतही नाही.

उद्या तुमच्या लीडने त्या प्रमाणपत्राचा दुसरा भाग टेबलावर ठेवून म्हटलं, "अरे सही कर, फॉर्मॅलिटी आहे," तर काय कराल? माझं उत्तर ठरलंय. त्या काळातली तिकिटं आधी बघणार. ती दाखवत नसतील तर सही नाही. बघून सही केली तर उघड्या त्रुटी त्याच कागदावर लिहिणार. यासाठी हुतात्मा व्हायची गरज नाही, फार तर पुढच्या सायकलला रेटिंग कमी येईल. लिस्टेड कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार तक्रारीची 'व्हिजिल मेकॅनिझम' ठेवावीच लागते, तुमच्या कंपनीच्या इंट्रानेटवर कुठेतरी तिसऱ्या-चौथ्या क्लिकवर ती सापडेल. तिच्यावर माझा फार विश्वास आहे अशातला भाग नाही, पण आपण कळवलं होतं याची तारीख तरी राहते.

तिकडे पुढे काय झालं? २०१९ च्या डिसेंबरमध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला, होरायझन निर्दोष असल्याचा पोस्टाचा हट्ट म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट असल्याचं सांगत राहणं, अशा अर्थाचे ताशेरे मारले. एप्रिल २०२१ मध्ये सीमा मिस्रांसह ३९ जणांची शिक्षा अपील कोर्टाने एकदम रद्द केली, आणि मे २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून उरलेल्या शेकडो जणांची. जानेवारी २०२४ मध्ये फुजित्सूच्या युरोपच्या प्रमुखांनी खासदारांच्या समितीपुढे भरपाईत वाटा देणं ही नैतिक जबाबदारी असल्याचं मान्य केलं. आणि ते यंत्र नीट चालतं असं धरून चालण्याचं गृहीतक? त्याबद्दल लोकांची मतं मागवायला तिथल्या न्याय खात्याला जानेवारी २०२५ उजाडावं लागलं.

आमच्या टीममध्ये मी गेल्या महिन्यात 'यूजर एरर' हा क्लोजर कोड दोन भागांत तोडायचा प्रस्ताव दिलाय, 'वापरणाऱ्याची चूक, पुराव्यासह' आणि 'कारण अनिश्चित'. मॅनेजर म्हणाले रिपोर्टचे जुने ट्रेंड बिघडतील, क्लायंट प्रश्न विचारेल. विचारू दे की, म्हटलं. विषय पुढच्या रिव्ह्यूच्या अजेंड्यावर सातव्या नंबरवर आहे. आमचे रिव्ह्यू साधारण पाचव्या मुद्द्यापर्यंत पोचतात.